हसऱ्या पिल्लाचा उन्हाळा

यंदा उकाडा लवकर आला. एप्रिल अजून सरायचा होता आणि दहिवलीत सकाळचा चहा पितानाच पाठीला कपडे चिकटायला लागले. समोरचा डोंगर धुरकट झाला, गॅलरीतल्या तुळशीने मान टाकली, वाडीवरच्या बाया पानांच्या द्रोणांत करवंदं मांडून रस्त्याच्या कडेला बसल्या. मी एक द्रोण घेतला, एक करवंद तोंडात टाकलं, आणि चीक ओठाला लागला तेव्हा मला वास आला तो करवंदाचा नव्हे, ओल्या तुसाचा. भाताचं तूस, त्यात कोंबड्यांची घाण, वरून पाण्याचा फवारा. हा वास एकदा नाकात बसला की कितीही अगरबत्त्या लावा, जात नाही. मागच्या उन्हाळ्याने तो माझ्या नाकात बसवला आहे.

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. दुकानदाराने न मागता पिशवी दिली तरी मी आत बघते. त्यातून माझा धंदा असा, की संशयाला रोज खतपाणी. मी घरी बसून कंपन्यांसाठी स्क्रीन आखते. फोनवर, यंत्रावर कुठलं बटण कुठे असावं, केवढं असावं, कुठलं दिसावं आणि कुठलं दिसू नये, हे ठरवणारी जी माणसं असतात त्यांतली मी एक. आई होती तेव्हा ती शेजारणींना सांगायची, "पोरगी कंप्युटरात बटणं लावते." त्यावर एका शेजारणीने मला दोन ब्लाऊज आणून दिले होते, बटणं लावायला. मी लावून दिली. त्या कामात निदान बटण कुठे गेलं ते गिऱ्हाईकाला दिसत होतं.

आमच्या धंद्यात 'सोपं' हा शब्द देवासारखा आहे. मीटिंगमध्ये कुणी तो उच्चारला की सगळे माना डोलावतात. "वापरणाऱ्याला गोंधळात टाकू नका," असं म्हणायचं आणि एकेक खटका उचलून आतल्या पडद्याआड ठेवायचा. मीही ठेवलेत, पुष्कळ. पण लपवलेला खटका नाहीसा होत नाही हे मला ठाऊक आहे. तो कुणाच्या तरी हातात राहतोच, फक्त तो हात आपला नसतो. म्हणून कुणी मला हसून "एकदम सोपं करून दिलंय तुम्हाला" म्हटलं, की मी पर्सची चेन ओढून घेते.

उलट बाजूची माणसंही मला विश्वासाची वाटत नाहीत. माझ्याबरोबर काम करणारा एक गृहस्थ आहे, त्याला सगळं उघडं ठेवायचं असतं. प्रत्येक गोष्टीला खटका, प्रत्येक खटक्याला आणखी तीन खटके. "माणसाला पूर्ण ताकद द्यावी," म्हणतो. बोलायला गोड आहे, पण मी त्याला जवळून पाहिलंय. लोकांनी सारखं त्याला विचारायला यावं, हे त्याला मनातून आवडतं. ज्याला चाळीस खटके दिले त्याच्याकडून चूक झाली, की दोष त्याचा. देणारा हात झटकून मोकळा.

हे दोन्ही प्रकार मी माझ्या भावाच्या पोल्ट्रीत पाहिले, लागोपाठच्या दोन वर्षांत.

मंगेश माझा धाकटा भाऊ. शिळफाट्याच्या पुढे, खालापूरच्या बाजूला आमचं गाव. आई-बाबा गेल्यापासून माझं माहेर म्हणजे मंगेश आणि त्याची बायको रंजना. मंगेश खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर जातो, त्यामुळे घरामागची कोंबड्यांची शेड रंजनाच सांभाळते. कंपनी पिल्लं आणून टाकते, खाद्य देते, मोठे झालेले पक्षी गाडीत भरून घेऊन जाते. मधले दिवस रंजनाचे. या धंद्यातली माणसं कोंबड्या म्हणत नाहीत, पक्षी म्हणतात. मला आधी हसू यायचं. मग एकदा पहाटे शेडचे पडदे वर जाताना ते सगळे पांढरे जीव एकदम उठून उजेडाकडे सरकलेले पाहिले आणि पक्षी हा शब्द मला पटला.

पहिल्या वर्षी शेडमध्ये जुना बोर्ड होता. खटके, गोल फिरवायच्या चकत्या, लाल-हिरवे दिवे, सगळं एका भिंतीवर. त्यात सगळं करता येत होतं. आणि एका पावसाळी दिवशी, मंगेश कामावर असताना, रंजनाने त्यातली चुकीची चकती फिरवली. पिल्लांना ऊब देणारे दिवे मंद झाले, पिल्लं गारठून एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली आणि खालची गुदमरली. मी तेव्हा तिथे नव्हते. फोनवर मला मंगेशचा आवाज ऐकू आला होता, "कळत नाय तर हात कशाला लावतेस गं?" रंजनाचा आवाज आला नव्हता.

त्यानंतर ते यंत्र आलं. ते विकायला आलेला माणूस पांढऱ्या बुटांत शेडमध्ये शिरला, तिथेच मला तो आवडला नाही. त्याने जुना बोर्ड काढला आणि त्या जागी एक कुलूपबंद पेटी बसवली. पेटीवर काचेचा पडदा, पडद्यावर एकच मोठं हिरवं बटण आणि त्याच्या वर पिवळ्या पिल्लाचं चित्र. शेडमध्ये सगळं ठीक असलं की पिल्लू हसणार, बिघडलं की रडणार. शेडच्या मध्यावर वायरीला एक सेन्सर टांगलेला. त्याला हवा गरम लागली की पंखे आणि फॉगर, म्हणजे वरच्या नळ्यांतून उडणारा पाण्याचा बारीक फवारा, आपोआप चालू. गार लागलं की दोन्ही बंद.

"लहान मूलसुद्धा चालवेल," तो मंगेशला म्हणाला. मग रंजनाकडे बघून, "वहिनींना तर काहीच करायचं नाही आता."

रंजनाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि मला कायतरी करायचं असंल तर?"

"कशाला?" तो म्हणाला. खरंच त्याला प्रश्न कळला नव्हता.

आत आणखी एक पडदा होता. सगळे जुने खटके त्यात होते, पण तो पिन टाकल्याशिवाय उघडत नव्हता आणि पिन त्या माणसाच्या कंपनीकडे. सेफ्टीसाठी, म्हणे. मी त्याला विचारलं, कुणाच्या? तो हसला. पडद्यावरचं पिल्लूही हसत होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या दोघांच्या हसण्यात फार फरक दिसला नाही.

घरातला प्रेशर कुकर बघा. त्याच्याइतकं सोपं यंत्र दुसरं नाही, कुणीही चढवावं. पण ते आपल्यापासून काही लपवत नाही. आत वाफ कोंडली की ओरडून सांगतं, शिट्टी अडकली तर फुसफुसतं, आणि उठून गॅस बंद करायला कुणाची परवानगी लागत नाही. आईला कुकरची शिट्टी ऐकून आतल्या डाळीत पाणी कमी पडलंय हे कळायचं. असं यंत्र कुणी आज आणलं तर आमच्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा त्याची शिट्टी काढून टाकतील. आवाजाने वापरणारा घाबरतो म्हणून.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबईची पोरं कोंडाण्याची लेणी बघायला येतात. फोनवरच्या नकाशात निळी रेघ असते, सरळ, गुळगुळीत. रेघेला ओढा माहीत नसतो, चिखल माहीत नसतो. एकदा पायथ्याशी चार पोरं उभी होती, पुढे छातीभर पाणी, आणि त्यातला एक फोन दाखवून मला म्हणत होता, "पण हा तर रस्ता दाखवतोय." गावातल्या एका म्हाताऱ्याने त्याला विचारलं, "मंग तुझ्या डोळ्यांना काय दिसतंय रं?" पोरगा पुन्हा फोनकडेच बघायला लागला. मला त्याचा राग आला नाही. सगळं नीट चाललंय असं सांगणारं काही हातात असलं की डोळ्यांवरचा भरवसा जातो. माझाही जातो.

मागच्या मे महिन्यात मी माहेरी गेले होते. पक्षी पूर्ण वाढीला आले होते, गाडी दोन दिवसांत येणार होती. घरात एक वाक्य तरंगत होतं, कुणी ते पुन्हा बोलत नव्हतं, पण जेवताना, पाणी देताना ते मधे असायचं. मंगेशने बॅच सुरू होतानाच सांगून ठेवलं होतं, "ह्या टायमाला काय झालं ना, तर शेड भाड्यानं देऊन टाकतो. तू घर बघ." रंजना घर बघतच होती. पण त्या घरात तिची अशी एकच जागा होती, आणि ती मागच्या दारापलीकडे तुसाच्या वासात होती. लग्नाआधी तिने माहेरी दहा-बारा गावठी कोंबड्या पाळल्या होत्या, त्यांची नावं ती अजून सांगते. शेड गेली असती तर ती काही बोलली नसती. त्याचीच मला भीती वाटत होती.

त्या दिवशी दुपारनंतर डोंगरावर ढग आले आणि तिथेच बसून राहिले. पाऊस नाही, वारा नाही. पान हलत नव्हतं. अंगणात वाळत घातलेल्या कुरडया पुन्हा मऊ पडल्या. संध्याकाळी मी शेडच्या दाराशी गेले तर रंजना पक्ष्यांच्या मधोमध उभी होती. वर फॉगर सूं करत होते, पंखे फिरत होते, पेटीवर पिल्लू हसत होतं.

"ताई, ह्ये बघा," ती म्हणाली. "चोची उघड्या हायत. पंख पसरलेत बघा सगळ्यांनी."

कोंबडीला घाम येत नाही. धापा टाकून ती आतली उष्णता बाहेर काढते. हवा कोरडी असली तर फवाऱ्याने गारवा येतो, पण हवा आधीच ओली असली तर फवारा तिचा श्वासच अडवतो. हे मला रंजनाने त्या संध्याकाळी सांगितलं. यंत्र देशावरच्या कोरड्या हवेला बेतून लावलेलं होतं. त्याला गरम लागत होतं, म्हणून ते इमानाने पाणी उडवत होतं. खाली तूस भिजून चिखल झाला होता आणि भिंतीकडचे पक्षी माना खाली टाकायला लागले होते.

मी त्या पांढऱ्या बुटांच्या माणसाला फोन लावला. त्याने उचलला, हे त्याचं कौतुक.

"स्क्रीनवर काय दिसतंय मॅडम?"

"पिल्लू हसतंय."

"मग? ऑटोवर राहू द्या. हात लावू नका."

"इथे पक्षी मरायला लागलेत. फॉगर बंद करायचाय, पिन सांगा."

"पिन असा देता येत नाही मॅडम. चुकून काही दाबलं गेलं तर?"

मी फोन ठेवला, खरं तर आपटला. त्या रागात एक लाजिरवाणी गोष्टही होती. त्याचं शेवटचं वाक्य मी मीटिंगमध्ये शंभर वेळा ऐकलं होतं आणि मान डोलावली होती.

टाकीचा कॉक बंद करावा म्हटलं तर प्यायच्या पाण्याची नळीही त्याच टाकीवर होती. त्या उकाड्यात पाणी तोडणं म्हणजे मारणंच. वीज तोडावी तर पंखे जाणार. पेटीला कुलूप, खाली सगळीकडे पाणी, ओल्या हातांनी वायरी कोण ओढणार?

तेव्हा रंजनाने ते केलं जे आमच्या पट्ट्यातले शेडवाले करतात. ज्याच्याकडे पिन नाही तो सेन्सरला फसवतो. कुणी त्याला ओलं फडकं गुंडाळतो, कुणी पिशवीत बर्फ घालून बांधतो. यंत्राला सांगता येत नाही ना, मग त्याच्याशी खोटं बोलायचं. रंजनाने घरातून माठ आणला, स्टुलावर ठेवला आणि टांगलेला सेन्सर वायरीसकट माठातल्या पाण्यात सोडला. थोड्या वेळाने फॉगर थांबले. ती माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. दोन बायकांनी एका पेटीला गंडवलं होतं.

मग पंखे थांबले.

यंत्राला गार लागलं होतं, त्याच्या हिशेबाने आता कशाचीच गरज नव्हती. मोठे पंखे हळूहळू फिरत फिरत उभे राहिले. ती शांतता मी विसरणार नाही. शेडभर फक्त धापांचा आवाज, बारीक, कोरडा, सगळीकडून एकदम. पडद्यावर पिल्लू हसत होतं, आता तर जरा जास्तच. रंजनाचा चेहरा पांढरा पडला. तिला पक्षी दिसत नव्हते, तिला आदल्या वर्षीचा, गारठलेल्या पिल्लांचा कोपरा दिसत होता, हे मला स्पष्ट कळलं. तिने सेन्सर माठातून काढून पदराने पुसला. पंखे सुरू झाले, आणि त्यांच्या मागोमाग फॉगरही. पुन्हा माठात, पुन्हा दोन्ही बंद. मधलं काही त्या यंत्रात नव्हतं. म्हणजे होतं, पण आत होतं.

तेवढ्यात मंगेश पाळीवरून आला. दारातूनच त्याने बघितलं, माठ, स्टूल, भिजलेलं तूस, भिंतीकडे पडलेले पक्षी.

"काय केलंस गं? पुन्हा हात लावलास?"

मी काही बोलणार, त्याच्या आत रंजना वळली. तिने शेडच्या पडद्याची एक दोरी ओढून काढली आणि फॉगरला पाणी चढवणाऱ्या पंपाकडे गेली. पंपातून निघणारी रबरी नळी तिने धरली, दुमडली आणि दोरीने आवळायला लागली.

"अगं पंप जळंल!" मंगेश ओरडला.

"जळूं दे."

"नवीन हाय तो!"

"मंगेश, जळूं दे म्हनलं ना!" नवऱ्याला नावाने हाक मारताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "पंखे चालू राहतील, पानी बंद होईल. दोरी धर त्या टोकाला."

मंगेशने दोरी धरली. मी सेन्सर बाहेर काढून माठ बाजूला केला. पंखे फिरायला लागले, फवारा आला नाही. आम्ही तिघं शेडमधून फिरत राहिलो, बसलेल्या पक्ष्यांना हळूच उठवत, म्हणजे त्यांच्या अंगाखालून हवा जाते. ओल्या तुसात पाय रुतत होते. जरा वेळाने पंपातून जळका वास आला आणि तो बंद पडला. कुणी तिकडे वळून पाहिलं नाही. भिंतीकडचे गेले ते गेले, बाकीच्यांच्या चोची अंधार पडेपर्यंत एकेक करून मिटल्या. मी कधी इतकं मन लावून कशाकडे बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पांढरे बूट आले. माणसाने जळलेला पंप पाहिला, दोरी पाहिली, मान हलवली. "आता वॉरंटी गेली." मग त्याने काचेवर पिन टाकला, आतला पडदा उघडला, आणि मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. तिथे होतं ते. हवेत ओल वाढली तर फवारा थांबवायचा खटका. छान, स्वच्छ, नीट नाव दिलेला. बंद करून ठेवलेला, आणि वर झाकण. कुणीतरी माझ्यासारख्याच माणसाने तो तिथे ठेवला असणार, वापरणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून. मला त्या अनोळखी माणसाची लाज वाटली.

"नवीन मॉडेल आलंय," तो म्हणाला. "याच्यापेक्षा सोपं. त्यात बटणसुद्धा नाही."

"मला पिन द्या," रंजना म्हणाली.

"वहिनी, तुमच्या हातून चुकलं तर?"

"चुकंल ना. मागं चुकलंच होतं. पन माझं मला कळलं तरी होतं काय चुकलं त्ये. काल मला कायबी कळंना, आणि ह्ये आपलं हसतंय." तिने पिल्लाच्या चित्राकडे बोट केलं. "मला चुकायला तरी द्या."

त्या माणसाने मंगेशकडे पाहिलं. आपल्याकडे असंच बघतात, बाईने विचारलं की पुरुषाकडे. मंगेश बुटाच्या टोकाने तूस उकरत होता. सगळं त्याच्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं आणि माझ्या भावाचा मला, बहीण असूनही, भरवसा नव्हता.

"माझ्याकडं काय बघता?" तो म्हणाला. "शेड तिची हाय."

पिन रंजनाला मिळाला. गाडी आली, पक्षी गेले, रिकामी शेड धुतली गेली. मी दहिवलीला परत आले. कामात थोडी भांडखोर झाले, एवढंच. मीटिंगमध्ये कुणी एखादा खटका आत ढकलायला निघालं की मी विचारते, किल्ली कुणाकडे? लोक कंटाळतात. मला बोलावणं कमी झालंय, असा मला संशय आहे.

परवा करवंदं संपवली आणि न राहवून गावी गेले. बॅच भरात होती. शेडमध्ये शिरले तर पेटीवर पिल्लू होतंच, पण काचेच्या कडेने लाल टिकल्या लावलेल्या.

"ह्या कशाला गं?"

"आतमंदी लई खटके हायत ताई. मला लागतात चार-पाच. त्यांच्या शेजारी टिकली. बाकीचे आपले असूं दे, कधी लागले तर हायतच."

मी बघतच राहिले. आनंद झाला, आणि लगेच माझी बोटं शिवशिवली. टिकल्यांच्या जागी रंग देता येतील, चार खटके बाहेरच्या पडद्यावर आणता येतील, नावं मराठीत करता येतील, मधल्या दोन पायऱ्या गाळता येतील. तिला किती सुटसुटीत होईल. मी म्हटलं, "उघड बघू आतलं. मी जरा बघते."

रंजनाने पदराला हात पुसले, काचेवर बोट ठेवलं आणि थांबली.

"ताई, जरा तोंड फिरवा."

"माझ्यापासून पण? मंगेशला तरी माहीत आहे का?"

"त्यांना हाय म्हाईत. मी नसंन तेव्हा लागंल ना."

"मग माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तुमच्यावर हाय ओ." ती हसली, पण बोट काही काचेवरून उचललं नाही. "पन तुमाला पिन कळला ना, तर तुमी समदं सोपं करून ठेवाल."

मी भिंतीकडे तोंड केलं.